माणसे नेणारी फेरीबोट : बेटांवरील ग्रामीण दळणवळणाचा विचार

देशाच्या वाहतूक नियोजनात रस्ते आणि रेल्वे यांना जे स्थान मिळाले, ते जलमार्गांना दीर्घकाळ मिळाले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८६ मध्ये भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, नोएडा येथे आहे. पुढे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. गोव्यातील कुंभारजुवे कालवा (क्रमांक २७), मांडवी (क्रमांक ६८) आणि झुवारी (क्रमांक १११) यांचा त्यांत समावेश आहे. या अधिनियमानंतर जी चर्चा झाली ती मुख्यत्वे मालवाहतूक, टर्मिनल आणि पर्यटन-नौका यांविषयी. मांडवीच्या पात्रातील बेटावर राहणाऱ्या कुटुंबापुढचा प्रश्न मात्र याहून साधा असतो : सकाळच्या फेरीबोटीत आपल्याला जागा मिळेल काय?

या प्रश्नाचा संबंध फेऱ्यांच्या संख्येशी आहे, त्याचप्रमाणे फेरीबोटीत काय चढते याच्याशीही आहे. मोटार सोबत नेणे हा बेटवासीयांच्या प्रवासाचा एकच मार्ग आहे, असे गृहीत धरले की उपायही एकच उरतो, तो म्हणजे अधिक मोठी बोट. मोटार न नेताही प्रवास सुखाचा होऊ शकेल अशी व्यवस्था करणे हा दुसरा मार्ग. तो स्वस्त आहे, परंतु त्यासाठी अनेक खात्यांना एकत्र यावे लागते. बहुधा याच कारणाने तो मागे पडतो.

डेकचे गणित

लहान मोटारीची लांबी सुमारे चार मीटर व रुंदी पावणेदोन मीटर असते. दारे उघडण्यास व माणसे ये-जा करण्यास लागणारे अंतर धरले तर एका मोटारीमागे फेरीबोटीच्या डेकचे सुमारे १० चौरस मीटर क्षेत्र व्यापले जाते. तेवढ्याच जागेत १५ ते २० माणसे बसून आणि त्याहून अधिक उभ्याने प्रवास करू शकतात. मोटारीत बहुधा एक किंवा दोन माणसे असतात. दुचाकीला दोन चौरस मीटरांपेक्षा कमी जागा पुरते. वजनाचा विचार केला तरी निष्कर्ष बदलत नाही. एक टन वजनाची मोटार म्हणजे प्रत्येकी ७५ किलो वजनाची तेरा माणसे.

वेळेचा हिशोबही असाच आहे. नदीचे पात्र ओलांडण्यास पाच मिनिटे लागत असतील आणि वाहने चढवण्या-उतरवण्यास तेवढाच वेळ जात असेल, तर फेऱ्या वाढवण्याची मर्यादा नदीने नव्हे, धक्क्यावरच्या उताराने ठरते. पायी चालणारे प्रवासी मिनिटभरात उतरतात.

राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने २००६ मध्ये रस्त्याच्या जागेबाबत एक तत्त्व मांडले होते. जागेचे वाटप वाहनांना केंद्रस्थानी ठेवून न करता माणसांना केंद्रस्थानी ठेवून व्हावे, असे ते तत्त्व. परीक्षार्थींना ते परिचित असेल. रस्ता रुंद करता येतो, उड्डाणपूल बांधता येतो. फेरीबोटीचा डेक मात्र काठोकाठ मोजलेला असतो. म्हणून शहरासाठी सांगितलेले हे तत्त्व बेटाच्या बाबतीत अधिकच काटेकोरपणे लागू पडते.

दिवाडी आणि चोडण

तिसवाडी तालुक्यातील दिवाडी व चोडण ही मांडवीच्या पात्रातील दोन मोठी बेटे. खाजन जमिनीतील भातशेती, मासेमारी आणि पणजीच्या दिशेने रोज होणारी नोकरदार व विद्यार्थ्यांची ये-जा हे त्यांचे जीवन. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. दिवाडीला जुने गोवे व नार्वे या बाजूंनी फेरीबोटीने जाता येते. चोडण हे मयेच्या बाजूने पुलाने जोडलेले असले, तरी पणजीकडे निघालेल्या माणसाला रायबंदरची फेरीच जवळची.

ही सेवा गोवा शासनाचे नदी परिवहन खाते चालवते. तिचे एक वैशिष्ट्य नोंद घेण्याजोगे आहे. पायी जाणाऱ्या प्रवाशांकडून भाडे घेतले जात नाही. दुचाकीही अनेक वर्षे विनामूल्य जात आल्या. शुल्क होते ते चारचाकी वाहनांना. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही रचना योग्य होती. तरीही डेकवर वाहनांची दाटी वाढत गेली. याचे कारण नदीच्या पलीकडे शोधावे लागते. रायबंदर धक्क्यासमोरून पणजी–जुने गोवे मार्ग जातो आणि त्यावर बसगाड्याही आहेत. पण कामाचे ठिकाण त्या मार्गापासून दूर असेल, परतण्यास रात्र होत असेल, किंवा दोन गाड्या बदलाव्या लागत असतील, तर मनुष्य दुचाकी सोबत घेतो. ऐपत असेल तर मोटार घेतो. म्हणजे नदीसाठी वाहन कोणी नेत नाही, ते पलीकडच्या दहा किलोमीटरांसाठी नेले जाते.

हे लक्षात न घेता केवळ शुल्काचा उपाय योजला तर काय होते, याचा अनुभव २०२३ मध्ये आला. दुचाकींना शुल्क लावण्याचा व चारचाकींचे शुल्क वाढवण्याचा निर्णय जाहीर होताच बेटांवरून तीव्र विरोध झाला आणि तो स्थगित ठेवावा लागला. दुचाकी ही तेथे चैनीची वस्तू नाही. मजूर, शिक्षिका, मासळी विकणारी स्त्री यांचे ते कामाचे साधन आहे. पर्याय देण्यापूर्वी मागितलेले शुल्क त्यांना दंडासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या. यामुळे रांगा कमी होण्यास निश्चित मदत होते आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वाढीव क्षमता मोटारींनीच व्यापली तर काही वर्षांनी त्याच रांगा परत येतील. शिवाय बेटावरील गावरस्ते रुंद झालेले नाहीत, हेही विसरता येत नाही.

स्वस्त मोटारभाड्याचा धडा

ही शंका केवळ तर्कावर आधारलेली नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांसाठी २००८ मध्ये ‘रोड इक्विव्हॅलंट टॅरिफ’ नावाची भाडेपद्धती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. तेवढेच अंतर रस्त्याने कापण्यास येणाऱ्या खर्चाशी बोटीचे भाडे जोडायचे, ही तिची कल्पना. बेटवासीयांवरील आर्थिक भार हलका करण्याचा हेतू स्तुत्य होता. २०१५ पर्यंत ती संपूर्ण जाळ्यावर लागू झाली. भाडे उतरले, पर्यटन वाढले आणि बोटींतून जाणाऱ्या मोटारीही वाढल्या. परिणामी पर्यटनाच्या हंगामात ज्यांच्यासाठी सवलत दिली त्या रहिवाशांनाच आपली मोटार नेण्यास जागा मिळेना. डेकची जागा तीच असताना मोटारीचे भाडे उतरवले की रांग लांबते, हा त्यातून मिळणारा धडा.

त्याच देशात लिझमोर नावाचे एक लहान बेट आहे. तेथे पोर्ट ॲपिन येथून केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी छोटी बोट सुटते आणि काही मिनिटांत पोहोचते. मोटारींसाठीची बोट ओबन या शहरातून स्वतंत्रपणे जाते. दोन कामांसाठी दोन बोटी, असा हा साधा विभाग आहे. अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे, ग्रीसमधील हायड्रा बेटही मोटारविरहित आहे. पण ही मुख्यत्वे पर्यटकांची बेटे असल्याने शेती व नोकरीवर जगणाऱ्या आपल्या बेटांना त्यांचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही.

जोडप्रवास : मांडव्याचा अनुभव

महाराष्ट्रात अशा व्यवस्थेचे एक चांगले उदाहरण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला जाणाऱ्या लाँच व कॅटमरान सेवांनी मांडवा ते अलिबाग हा बसप्रवास तिकिटातच समाविष्ट केला. बोट लागली की बस उभी असते आणि बोटीतील प्रवासी घेऊनच निघते. मांडवा हे बेट नव्हे. परंतु रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपासचा वळसा आणि समुद्रमार्गे अवघे एक तासाचे अंतर, अशा ठिकाणी मोटारीविना प्रवास लोकांनी आपणहून स्वीकारला. त्यासाठी ना बंदी घालावी लागली, ना प्रबोधन करावे लागले.

या यशाचे मर्म तीन गोष्टींत आहे. तिकीट एकच, बोटीची व बसची वेळ एकमेकींशी बांधलेली, आणि बस चुकण्याची भीती नाही. प्रवाशाला वाटणारी अनिश्चितता हे खाजगी वाहन वापरण्याचे सर्वांत मोठे कारण असते. अर्ध्या तासाने येणाऱ्या बसच्या वेळेशी बोटीचा मेळ नसेल तर सरासरी १५ मिनिटे धक्क्यावर जातात. मेळ असेल तर पाच. यासाठी नवी बस लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये नियमित अंतराच्या वेळापत्रकाचे तत्त्व देशभर स्वीकारले ते याच विचाराने.

मात्र मांडव्याच्या उदाहरणात एक मोठी त्रुटी आहे. या लाँचसेवा पावसाळ्यात बंद असतात. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली. तिचे जहाज मोठे असल्याने हवामान अनुकूल असेल तेव्हा ते पावसाळ्यातही चालते. म्हणजे जून ते ऑगस्ट या काळात जलप्रवासाचा स्थिर पर्याय उरतो तो मोटारी नेणाऱ्या जहाजाचाच. पायी प्रवाशांची सेवा बारमाही नसेल तर ती पर्याय ठरत नाही, हंगामी सोय ठरते. शनिवार-रविवारी मांडवा–अलिबाग रस्त्यावर होणारी मोटारींची गर्दी ही रो-रो सेवेची दुसरी बाजू आहे.

रो-रो कोठे योग्य?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण रो-रो सेवेला सरसकट विरोध करणे चुकीचे ठरेल. दाभोळ–धोपावे ही २००३ मध्ये सुरू झालेली सेवा, जिला कोकणात लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात, खाडीच्या दोन तीरांवरील तालुके जोडते. वाहन पुढे कित्येक किलोमीटर जाणार असते आणि मोठा वळसा वाचतो. आसाममधील निमातीघाट–माजुली मार्गावर २०१८ मध्ये रो-पॅक्स सेवा सुरू झाली तेव्हा मालमोटारींचा सुमारे ४२० किलोमीटरांचा वळसा सुमारे १२ किलोमीटरांवर आला. माजुली हा २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. एवढ्या मोठ्या बेटाला वाहने नेल्यावाचून गत्यंतर नाही. ज्या बेटाचे एक टोक दुसऱ्यापासून अर्ध्या तासाच्या सायकलप्रवासावर आहे, तेथील गरज निराळी.

निमातीघाटाचे नाव आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे लागते. ८ सप्टेंबर २०२१ रोजी तेथे दोन बोटींची टक्कर होऊन एक बोट उलटली; त्या बोटीवर माणसांसोबत वाहनेही होती. त्यानंतर एका इंजिनाच्या खाजगी प्रवासी बोटींवर निर्बंध आले. त्याच वर्षी १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जहाज अधिनियम संमत झाला.

बेटावरचे अंतर

फेरीबोटीतून पायी उतरलेल्या माणसाला घरापर्यंत पोहोचवणे हा जोडप्रवासाचा दुसरा भाग होय. शहरात यास शेवटच्या टप्प्याचा प्रश्न म्हणतात. दिल्लीत २००२ मध्ये मेट्रो सुरू झाली, परंतु स्थानक ते घर हा टप्पा बऱ्याच वसाहतींत ई-रिक्षांनी भरून काढला. त्या आधी आल्या, नियम नंतर आले. २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यांना स्थान मिळाले आणि २०१८ मध्ये विजेवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट देण्यात आली. नोंदणी, विमा व चालकाचा परवाना या अटी राहतातच. बेटावरील बचत गटाने वा सहकारी संस्थेने अशी दोन-चार वाहने चालवायची म्हटली तर पूर्वीपेक्षा मार्ग सुकर आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही विजेच्या तीनचाकींचा समावेश करण्यात आला.

मोटारींना मज्जाव असलेल्या वस्तीत हे कसे घडते, याचा धडा माथेरानने दिला आहे. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. शाळकरी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांनी पुढे कसे जायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे कायम होता. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांना ई-रिक्षांच्या माध्यमातून रोजगार देण्याचा आदेश दिला. चढाचा रस्ता व पाऊस यांत साधी ई-रिक्षा पुरी पडत नाही, तिला अधिक शक्तीची मोटर लागते. दिवाडीसारख्या टेकडी असलेल्या बेटावर वाहन निवडताना हे ध्यानात घ्यावे लागेल.

बेटाच्या बाजूच्या धक्क्यावर छप्पर असलेला, दिवे व राखणदार असलेला दुचाकी तळ ही याहूनही स्वस्त गोष्ट. आपली दुचाकी रात्रीपर्यंत सुरक्षित राहील याची खात्री असेल तर माणूस ती अलीकडे ठेवून पायी चढेल. मुख्य भूमीवरच्या धक्क्याजवळ परवानाधारक भाड्याच्या दुचाकी वा सामायिक मोटार असेल, तर महिन्यातून दोनदा लागणाऱ्या वाहनासाठी रोज डेक अडवण्याचे कारण उरत नाही.

सामान आणि रात्र

वाहन नेण्याची दोन कारणे मात्र अशी आहेत की ती टाळता येत नाहीत. पहिले सामानाचे. गॅसच्या टाक्या, सिमेंट, खत, भाताची पोती डोक्यावरून नेता येत नाहीत. यासाठी ठरावीक वेळी, म्हणजे गर्दीची वेळ सोडून, मालवाहू टेम्पोची फेरी राखून ठेवता येते. दहा घरांचे सामान एका टेम्पोतून आले तर दहा वाहने वाचतात. विविध कार्यकारी सोसायटी वा ग्रामपंचायत हे काम करू शकते.

दुसरे कारण रात्रीचे, आणि बेटवासीयांच्या मनात तेच सर्वांत खोलवर असते. मध्यरात्री प्रसववेदना सुरू झाल्या, वृद्धाच्या छातीत दुखू लागले, तर दारात मोटार असणे हाच त्यांना आधार वाटतो. या भीतीला उत्तर दिल्याशिवाय मोटार अलीकडे ठेवण्याचा सल्ला देण्याचा अधिकार कोणत्याही नियोजनकाराला नाही. बेटावर एक रुग्णवाहिका, रात्रपाळीचा कर्मचारी असलेली एक फेरीबोट आणि फोन केल्यावर ती किती मिनिटांत सुटेल याची जाहीर हमी, एवढी तरतूद अनिवार्य समजली पाहिजे. पलीकडच्या तीरावर दुसरी रुग्णवाहिका उभी ठेवता आली तर रुग्णाला केवळ स्ट्रेचरवरून बोटीने आणता येते आणि वाहन चढवण्याचा वेळही वाचतो. अपंग व्यक्तींच्या वाहनांना डेकवर अग्रक्रम द्यावाच लागेल.

पूल झाल्यानंतर

यावर स्वाभाविक प्रश्न येतो की एकदाचा पूल बांधला म्हणजे हे सारे संपणार नाही काय? कोचीजवळच्या वायपिन बेटाने याचे उत्तर शोधून पाहिले आहे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर अवलंबून होते. २००४ मध्ये गोश्री पूल खुले झाले आणि बेट एर्नाकुलम शहराशी रस्त्याने जोडले गेले. त्यानंतरही फोर्ट कोचीकडे जाण्यासाठी २०१८ मध्ये रो-रो सेवा सुरू करावी लागली, कारण रस्त्याने जाणाऱ्याला शहराचा वळसा पडतो. आणि एप्रिल २०२३ मध्ये कोची जलमेट्रोचे उद्घाटन झाले तेव्हा तिच्या सुरुवातीच्या दोन मार्गांपैकी एक उच्च न्यायालय ते वायपिन हाच होता.

दहा बेटे जोडण्याचे उद्दिष्ट असलेल्या या जलमेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या बोटींत शंभर प्रवासी बसतात-उभे राहतात, मोटार मात्र एकही नाही. धक्के तरंगते असल्याने भरती-ओहोटीत बोटीचा व धक्क्याचा स्तर सारखाच राहतो. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीही विनासायास चढू शकते. मेट्रो रेल्वे व जलमेट्रो यांना एकच कार्ड चालते. २०२५ मध्ये स्थानकांपासून विजेच्या जोडबसगाड्याही सुरू झाल्या, आणि त्यांतील एक मार्ग उच्च न्यायालयाच्या धक्क्यावरून जातो.